रविवारचा उरलेला भात

भोपाळहून परत आल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी विचारलं, काय काय पाहिलंत? मी म्हटलं, मोठा तलाव पाहिला, नावेत बसले, सकाळी सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी खाल्ली. हे सगळं खरं आहे. पण तिथं मी एका घरचे पिठाचे डबेही पाहिले, आणि ते काही डोक्यातून जात नाहीत. म्हणून लिहायला बसले.

आधी माझी ओळख देते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मी सुमती साळवे, नगरची. तीस वर्षं पुरवठा खात्यात निरीक्षक होते. रेशनकार्डावर सहा नावं असली तर घरात खरंच सहा तोंडं आहेत का, हे बघणं माझं काम. त्याच्या खुणा असतात. दारातल्या चपला मोजायच्या, दोरीवरचे कपडे बघायचे आणि मग प्यायला पाणी मागायचं. पाणी आणायला बाई आत जाते, तिच्या मागोमाग बोलत बोलत आपणही जायचं. धान्याच्या डब्यावर टिचकी मारली की आवाजावरून कळतं, किती भरलाय. निवृत्त झाले, पण ही खोड काही गेली नाही. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, तू स्वर्गाच्या दारात किल्ल्या घेऊन उभ्या असलेल्या संत पेत्राकडेच ओळखपत्र मागशील.

गाडीतलं फारसं सांगत नाही. समोरच्या बाईनं पेढा पुढे केला, तो मी घेतला नाही. गाडीत कुणाचं काही खायचं नसतं. मग ती इटारसीला उतरेपर्यंत माझ्याकडे बघितलंही नाही तिनं.

बरखेडा, गुरुवार ते शनिवार

बरखेडा हा भोपाळचाच भाग. माझा धाकटा भाऊ विनय तिथल्या सरकारी कारखान्यात फोरमन आहे. कारखान्याची वसाहत म्हणजे एक गावच. पिवळ्या भिंतींची एकसारखी क्वार्टरं, प्रत्येकापुढे मेंदीचं कुंपण, मागे अंगण आणि अंगणात शेवग्याचं झाड. माझी भाची रूथ त्याला मुनगा म्हणते. भोंग्यावर सगळे उठतात, भोंग्यावर जेवतात. नगरला माणूस आडनावानं आणि गावानं ओळखला जातो. इथं आधी विचारतात, कुठल्या ब्लॉकला आहात, क्वार्टर कुठल्या टाइपचं? आणि सगळ्यांचा पगार एकाच तारखेला होतो. त्यामुळे अशा ठिकाणी कुणाच्या घरी चूल थंड असेल, हे कुणाच्या मनातही येत नसणार, असं मी आपलं ठरवून टाकलं.

मी येताना बाजरीचं पीठ घेऊन गेले होते, मोठा कडीचा डबा भरून. जानेवारीची थंडी, भाकरी तर हवीच. आणि परक्या गिरणीतलं पीठ मला चालत नाही. आपल्या आधी कुणी काय दळून नेलं असेल, कोण जाणे. भावजय मार्था हसली. "ताई, इथंही बाजरी मिळते हो," म्हणाली. मी म्हटलं, मिळत असेल.

रविवार

वसाहतीत आठ-दहा मराठी ख्रिस्ती घरं आहेत, शहरातही एक-दोन. कुणी नगरचे, कुणी जालन्याचे, कुणी कोल्हापूरकडचे. शहरातल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, हिंदी उपासना असते, तिथं ते जातातच. पण दर रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी मराठी उपासना करायची, असा त्यांचा जुना शिरस्ता आहे. मराठीत प्रार्थना केल्याशिवाय पोटात उतरल्यासारखं वाटत नाही, असं विनय म्हणतो. प्रत्येकीनं घरून एकेक पदार्थ करून आणायचा आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. त्या रविवारी पाळी विनयची होती.

अंगणात उन्हात सतरंज्या घातल्या होत्या. गाणी झाली, बायबलचं वचन झालं, पानं वाढली, आणि माझी बोटं शिवशिवायला लागली. भात केवढा तो! तीस माणसांना पंचेचाळिसांचा भात. मार्थाचं पातेलं भरलेलं, शेजारणीचं भरलेलं, आणखी एक झाकलेलं. एकेका शितासाठी पंचनामे केलेली बाई मी, मला ते बघवेना.

जेवणं झाल्यावर एकजण पदर खोचून नळाशी बसली. नाव रत्नमाला गायकवाड, असेल पस्तिशीची. नेसली होती चांगली रेशमी साडी आणि घासायला घेतली सगळ्यांची भांडी. "राहू द्या, राहू द्या, मीच करते," म्हणत तिनं बाकीच्यांना उठवलंच. दर रविवारी तीच घासते म्हणे. घासून झाली की भांड्यांवर घातलेली नावं वाचून ज्याची त्याची वेगळी लावते. मी तिच्याजवळ पाट घेऊन बसले. दोन मुली होत्या तिला. नवरा प्रभाकर कुठंय, विचारलं, तर म्हणाली, कारखान्यानं साइटवर पाठवलंय, ओरिसात. तिकडं वीजघर उभं राहतंय, सहा महिने तरी येणार नाहीत. साइट हे इथं रोजचंच आहे. पण सांगताना तिनं हातातलं पातेलं दोनदा घासलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

सगळ्या बायका आवराआवरीत होत्या तेव्हा तिनं उरलेला भात एका डब्यात भरला, वर आमटी ओतली आणि डबा कापडी पिशवीत घातला. इकडं तिकडं बघून घातला. माझ्यासमोर कुणी इकडं तिकडं बघितलं की संपलंच.

मी सरळ विचारलं, "रत्नमाला, पिशवीत काय आहे?"

चार-पाचजणी होत्या तिथं. रत्नमाला हसली. "कुत्र्याला नेते, ताई. वाया कशाला घालवायचं?"

"कुत्र्याला? आणि घट्ट झाकणाच्या डब्यात? वर आमटी घालून?" मी म्हटलं. "लाडाचं दिसतंय."

मला वाटलं, बायका हसतील. एकही हसली नाही. मार्थानं माझ्या हातात उगीचच एक ताट दिलं आणि म्हणाली, "ताई, हे आत ठेवता का?" मी आत गेले. बाहेर आले तेव्हा रत्नमाला मुलींना घेऊन गेलेली होती, आणि भाताचा डबा कठड्यावर तसाच होता.

मंगळवार आणि बुधवार

मंगळवारी रूथबरोबर वसाहतीच्या बाजारात गेले होते. भाजीवाल्याच्या तराजूवर माझा डोळा होता, तेवढ्यात पलीकडे रत्नमाला दिसली. मी मुद्दाम हटकलं. इकडचं तिकडचं बोलले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, प्रभाकरना तिकडचं जेवण मानवतं का? ती म्हणाली, "आंध्रात काय ताई, भातच भात. भाकरीची आठवण काढतात."

रविवारी ओरिसा होतं. मंगळवारी आंध्र झालं.

परतताना मी रूथला म्हटलं, यात कुठंतरी पाणी मुरतंय. रूथ म्हणाली, "आत्या, तू ना, हर बात में चेकिंग करतेस. छोड़ ना." पण सोडवतंय कुठलं! मी रात्रभर हिशेब लावत होते. नवरा साइटवर नाहीच, मग कुठं आहे? क्वार्टर कुणाला पोटभाड्यानं दिलंय की काय? की हा डबा कुणाच्या घरी विकला जातो? देवाच्या घरचं अन्न आहे ते. आणि एवढी साधी माणसं, कुणी विचारत नाहीत म्हणून फावतंय. मला अगदी कर्तव्यच वाटायला लागलं होतं, हे इथं लिहायलाच हवं.

बुधवारी दुपारी बारा वाजता मी तिच्या दारात उभी राहिले. चपलांचा एकच जोड, तोही पोरीचा; पुरुषाचा एकही नाही. दोरीवर दोन फ्रॉक. कुत्रा नाही, कुत्र्याचं भांडं नाही, साखळी नाही. थोरल्या मुलीनं दार उघडलं. दहा वर्षांची असेल. सर्दी झाली म्हणून शाळेत गेली नव्हती. आई दुकानात गेली होती.

"पाणी देतेस का गं, बाळ?"

मुलगी आत गेली, तिच्यामागून मी गेले. स्वयंपाकघर लखलखीत होतं. फळीवर डबे ओळीनं लावलेले, सगळे घासून चकचकीत केलेले. मुलगी माठाकडे वळली तशी मी पहिल्या डब्यावर टिचकी मारली. दुसऱ्यावर मारली. मग तिसऱ्यावर. तीस वर्षांत रिकामे डबे मी पुष्कळ पाहिले, पण ते दाखवण्यासाठी रिकामे केलेले असायचे, आणि भरलेलं पोतं पलंगाखाली असायचं. मी पलंगाखालीही वाकून बघितलं. तिथं मुलींच्या वह्या होत्या.

"तुमचा कुत्रा कुठंय?" मी विचारलं.

"आमच्याकडे कुत्रा नाही, आजी," मुलगी म्हणाली. "तुम्हाला काही हवंय का? आई म्हणते, रविवारी सगळं खायचं नाही, सोमवारी पण लागतं. पण या वेळी डबा आलाच नाही."

तिनं दिलेलं पाणी मी प्यायले.

मागं वळले तर दारात रत्नमाला. हातात मिठाची पुडी. तिनं माझ्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं, मुलीला बाहेर पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "झाली तपासणी, ताई?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी खोड बघा, तिनं पुढचं सांगितलं तेव्हाही क्षणभर मनात आलं, ही थाप तर नसेल? ती म्हणाली, प्रभाकरनं गणपतीच्या सुमाराला बोलणं सोडलं. मशीनसमोर उभे राहायचे आणि हात उचलायचा नाही. सासरे येऊन त्यांना जालन्याला घेऊन गेले, तिथं डॉक्टरांचं औषध चालू आहे. खात्यात कमरेचं दुखणं म्हणून कळवलंय, आणि त्या खात्यात मंडळीतलं कुणी नाही म्हणून इथं साइट सांगितली. रजा केव्हाच संपली, आता बिनपगारी आहे. डोक्याचं दुखणं आहे हे खात्यात कळलं तर अनफिट ठरवतील, मग नोकरी जाईल, हे घर जाईल, मुलींची शाळा जाईल. मार्चपर्यंत उभे राहतील, असं डॉक्टर म्हणतात.

"अगं, मग मंडळीत सांगायचं," मी म्हटलं. "आपली माणसं आहेत."

"आपलीच आहेत," ती म्हणाली. "ताई, प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलं, की संध्याकाळपर्यंत पलीकडच्या पिपलानी वसाहतीपर्यंत जातं. सगळे मनापासून प्रार्थना करतील. आणि कुणीतरी मनापासूनच त्यांच्या साहेबांकडेही शब्द टाकेल." मग तिनं माझा हात धरला. "तुम्ही कुणाला सांगू नका. प्रार्थनेत सुद्धा मोठ्यानं घेऊ नका."

मी कबूल केलं. ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या नगरच्या मंडळीतही हेच चालतं. उपासनेत 'कुणाचे काही विषय?' असं विचारलं की कितीतरी घरांची दारं उघडी पडतात, आणि कान टवकारून ऐकणाऱ्यांत मी पहिली असते.

गुरुवार

सकाळी मार्था तांदूळ निवडत होती. मला कुणावर तरी राग काढायचा होता, म्हणून मी म्हटलं, "तुमच्याकडे रविवारी अन्न फार वाया जातं. एवढा भात लावताच कशाला?"

मार्थानं दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "तो उरायलाच हवा, ताई."

"म्हणजे?"

"नोव्हेंबरात रत्नमालेनं पहिल्यांदा उरलेला भात नेला. मी बघितलं. पुढच्या रविवारी मी चार वाट्या जास्त लावला. तेव्हा शेजारच्या वहिनींचं पातेलंही मोठं दिसलं. आता पाच घरं जास्त करतात. आम्ही आपसात कधी बोललो नाही. भांडीही तिलाच घासू देतो, म्हणजे नळाशी ती एकटी राहते."

"मग सरळ विचारलं का नाही तिला?"

"विचारलं असतं तर तिनं न्यायचं बंद केलं असतं." मार्थानं सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही तिनं. "आता तुम्ही विचारलंत."

लहानपणापासून मी बायबलमधल्या त्या वाटेवर पडलेल्या जखमी माणसाची गोष्ट ऐकत आले, आणि त्याला बघूनही बाजूनं निघून गेलेल्या त्या दोघांना नावं ठेवत आले. ते निदान गपचूप तरी गेले. मी थांबून त्याचे खिसे तपासले होते. मला रडू आलं आणि मी ते मार्थापासून लपवलंही नाही. पण जालन्याचं काही तिला सांगितलं नाही. शब्द दिला होता.

दुपारी अडीचला वसाहत अगदी सामसूम असते. पुरुष कारखान्यात, पोरं शाळेत, बायका जरा लवंडलेल्या. मी बाजरीच्या पिठाचा डबा उचलला. त्यात एका पुडीत शेंगदाण्याची चटणी आणि एका पुडीत तीळ-गूळ घातला. पुढच्या रस्त्यानं न जाता मागच्या बोळानं गेले. दोनदा मागं वळून पाहिलं. रत्नमालेच्या मागच्या पायरीवर डबा ठेवला, कडी वाजवली आणि या वयात जेवढं पळता येतं तेवढी पळाले. मेंदीच्या कुंपणात पदर अडकून फाटला. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात ते आयुष्यात पहिल्यांदा जमलं, असं वाटून मी घरी येऊन मस्तपैकी झोपले.

संध्याकाळी मार्थानं विचारलं, "ताई, पीठ कुठं गेलं?" मी म्हटलं, जाळी धरली होती, टाकून दिलं. "डब्यासकट?" तिनं विचारलं. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. पण मार्था माझ्याकडे तशीच बघत राहिली. माझ्याकडे कुणी असं बघण्याची सवय नाही मला.

शनिवार आणि दुसरा रविवार

शनिवारी रूथनं मोठ्या तलावावर नेलं. एवढं पाणी बघून कुणीही हरखून जाईल. नाववाल्यानं पाण्यातला एक जुना बुरूज दाखवला आणि काहीतरी राजाची गोष्ट सांगितली. एरवी मी त्याला तीन ठिकाणी पकडलं असतं. पण माझं लक्ष नव्हतं. उद्या ती येईल का, एवढंच डोक्यात होतं. नाही आली तर माझ्या एका प्रश्नानं त्या मुलींचा सोमवार कायमचा गेला.

रविवारी उपासना शहरात, शिवाजी नगरला होती, एका सरकारी कारकुनाच्या क्वार्टरमध्ये. वसाहतीतून आम्ही सगळे मिनीबसनं निघालो. थांब्यावर रत्नमाला नव्हती. बसमध्ये मार्थाच्या मांडीवर भाताचं पातेलं होतं, फडक्यात बांधलेलं, आणि ती खिडकीतून मागं बघत होती. मीही बघत होते.

पहिलं गाणं संपता संपता ती आली, दोन्ही मुलींना घेऊन, मागच्या बसनं. तीच रेशमी साडी. माझ्याकडे बघितलंही नाही. उपासना चालवणारे काका वयस्कर, मनानं फार चांगले. त्यांनी विचारलं, "कुणाचे काही विषय?" कुणी परीक्षेचं सांगितलं, कुणी गुडघ्याचं. मग काका म्हणाले, "रत्नमाला, प्रभाकर अजून साइटवरच? कुठली म्हणालीस साइट?"

ती एकदम पांढरी पडली. पाच बायकांच्या माना खाली गेल्या.

"आंध्रात आहेत ते," मी म्हटलं. "आधी ओरिसात होते, तिथलं संपलं. साइटची कामं लांबतातच, मार्चशिवाय काही येत नाहीत. काका, माझ्या दातासाठी प्रार्थना करा, फार ठणकतोय."

काकांनी माझ्या दातासाठी प्रार्थना केली. दात माझे सगळे खोटे आहेत. तीस वर्षांत मी कुणाचीही खोटी नोंद मंजूर केली नव्हती, ती त्या दिवशी केली, आणि डोळे मिटून देवाला सांगितलं की माझ्या नावावर लिही.

जेवणं झाल्यावर रत्नमालेनं पदर खोचला आणि ती नळाशी जाऊन बसली. सगळ्या बायकांना एकदम आत काहीतरी काम निघालं. मलाही निघालं. आम्ही सहाजणी त्या कारकुनाच्या एवढ्याशा खोलीत दाटीनं उभ्या राहिलो आणि त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. बाहेरून भांड्यांचा आवाज येत होता. मग डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. मार्थानं डोळे पुसले.

निघताना रत्नमाला माझ्याजवळ आली. हातात पिशवी होती, त्यातून तिनं माझा कडीचा डबा काढला आणि माझ्यापुढे धरला. जड होता.

"उद्या निघताय ना, ताई? वाटेत खायला."

मी म्हटलं, "हा कुणाचा गं डबा?"

ती पहिल्यांदा मोकळी हसली. डबा फिरवून तिनं कडीच्या खालची बाजू माझ्यासमोर धरली. सौ. सुमती भास्कर साळवे, अहमदनगर. लग्नात सासूबाईंनी एकूणएक भांड्यावर नाव घालून घेतलं होतं. मागच्या बोळानं जाणारी, दोनदा मागं वळून पाहणारी मी, आणि पायरीवर नावपत्ता ठेवून पळाले होते.

"मी तर दर रविवारी नावं वाचूनच भांडी लावते," ती म्हणाली. "आणि ताई, डबा रिकामा कसा परत करायचा?"

परतीच्या गाडीत

इटारसी गेल्यावर डबा उघडला. बाजरीच्या चार भाकऱ्या, पातळ, काठ न चिरलेल्या, नगर-जालन्याकडच्या हाताच्या. वर ठेचा. चार भाकऱ्या म्हणजे त्या घरच्या किती माणसांचं किती वेळचं जेवण, हे मला न मोजता कळतं. परत पाठवायची सोय नव्हती, आणि असती तरी पाठवल्या नसत्या. तिला देता आलं होतं, ते मी काढून कसं घेणार? समोर एक बाई होती, तिला अर्धी भाकरी पुढे केली. तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं आणि घरून जेवून निघालेय म्हणाली. मी आग्रह केला नाही. चारही भाकऱ्या मी खाल्ल्या, शेवटच्या घासापर्यंत.

आता आमच्या मंडळीत महिन्यातून एकदा प्रीतिभोजन असतं, उपासनेनंतर सगळे एकत्र जेवतात, त्या दिवशी मी तोच डबा भरून भात जास्तीचा नेते. बायका विचारतात, सुमतीताई, एवढा कशाला, उरतो ना. मी म्हणते, उरू दे. आवराआवरी सुरू झाली की मी भिंतीकडे तोंड करून बसते. मागं डब्याचं झाकण वाजतं तेव्हा मान वळवायची फार इच्छा होते. अजून एकदाही वळवलेली नाही.